चांगदेव आजोबांचा डबा

पत्र थोडक्यात असं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): ठाण्यात राहणाऱ्या 44 वर्षांच्या एक वाचक लिहितात की त्यांच्या आईचे वडील चिनी होते. भायखळ्याच्या बाजूला त्यांचा दातांचा दवाखाना होता. 1962च्या भारत-चीन लढाईच्या आधी कधीतरी कलकत्त्यामार्गे मुंबईत आले, राजापूरकडच्या मुलीशी लग्न केलं, 1979 साली वारले. शेजारीपाजारी त्यांना 'चांगदेव' म्हणत. आईच्या शाळेच्या दाखल्यावरही वडिलांचं नाव चांगदेवच आहे. आडनाव मात्र आजीच्या माहेरचं. घरात हा विषय कधी निघाला नाही. दोन वर्षांपूर्वी आजी गेली आणि तिच्या ट्रंकेत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत एक फोटो, चिनी लिपीतलं पत्र, लाल कापडात गुंडाळलेला दगडी शिक्का आणि वर्षावर्षाचे पोलिसी शिक्के मारलेली नोंदणीची वही. तेव्हापासून वाचकांना चैन नाही. माझगावच्या चिनी देवळात जाऊन त्यांनी उदबत्ती लावली आणि 'आपण नाटक करतोय' असं वाटून परत आल्या. मँडरिनच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं आहे. अमेरिकेतला मामेभाऊ डीएनए तपासणी कर म्हणतो. नवरा म्हणतो, नसती भानगड कशाला उकरतेस. त्यातच 16 वर्षांच्या मुलीने तो फोटो 'माझे चिनी पणजोबा' म्हणून इन्स्टाग्रामवर टाकला आणि घरातच राहणाऱ्या 71 वर्षांच्या आईने लेकीशी आणि नातीशी बोलणं सोडलं. वाचक विचारतात: मी धड ना इकडची ना तिकडची, मग मी नक्की कोण? आणि आईने हे का लपवलं? तिला लाज वाटते का?

ताई,

तुमच्या पत्रात आजोबा तीन पानं आहेत आणि आई सात ओळी. मी उलटीकडून सुरुवात करते. आजोबा आता कुठे जाणार नाहीत. आई मात्र शेजारच्या खोलीत अबोला धरून बसली आहे.

आईचा जन्म 1954चा. 20 ऑक्टोबर 1962ला सीमेवर लढाई पेटली तेव्हा ती आठ वर्षांची होती, तिसरी-चौथीतली. लढाई महिनाभरात, 21 नोव्हेंबरला थांबली. पण त्या हिवाळ्यात सरकारने जे नियम केले, त्यांत चिनी वंशाचा कोण हे ठरवलेलं होतं. माणूस स्वतः, त्याच्या आईवडिलांपैकी कुणी किंवा चार आजी-आजोबांपैकी एक जण जरी कधीकाळी चीनचा नागरिक असला, तरी तो त्यात आला. तुम्ही विचारलंय, 'मी किती चिनी? पाव? की काहीच नाही?' ताई, या प्रश्नाला एकदा सरकारी उत्तर मिळून गेलेलं आहे. एक आजोबा पुरत होते. तुम्ही तेव्हा जन्मला असतात तर तुम्हीही त्यात बसला असतात.

पुढे काय झालं ते आपल्याकडे शाळेत शिकवत नाहीत म्हणून सांगते. आसामातल्या माकूमसारख्या गावांतून चिनी वंशाची कुटुंबं उचलली आणि आगगाडीने राजस्थानातल्या देवलीच्या नजरकैदेच्या छावणीत नेली (आपलं वर्ध्याचं देवळी वेगळं). याच देवलीत इंग्रजांनी जयप्रकाश नारायणांना डांबलं होतं. साधारण तीन हजार माणसं तिथे होती, तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. शेवटची माणसं सुटली 1967मध्ये. काहींना बोटीत बसवून चीनला धाडलं. त्यांतल्या कित्येकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. ज्यांना छावणीत नेलं नाही त्यांच्यामागे पोलिसांकडची नोंदणी लागली, गाव सोडायचं तर परवानगी लागली. तुमच्या डब्यातली वही ती हीच. मुंबईतली बरीच चिनी कुटुंबं त्यानंतर एकेक करून देशाबाहेर गेली. तुमचे आजोबा राहिले.

आईची एकच आठवण तुम्ही लिहिली आहे: 'एकदा पोलीस आले होते. बाबा दोन रात्री घरी नव्हते. आईने आम्हाला सांगून ठेवलं, कुणी विचारलं तर बाबा राजापूरचे.'

हे वाक्य पुन्हा वाचा. आठ वर्षांच्या मुलीवर तिच्या आईने सोपवलेलं काम आहे ते. तिने ते त्रेसष्ट वर्षं न चुकता केलं. कुणी मागे घेतलं नाही, 'आता सांगितलंस तरी चालेल' असं कुणी म्हटलं नाही. आणि एका दुपारी नातीने फोनवर अंगठा फिरवला आणि ते मोडलं. आई तुमच्यावर रागावली आहे असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं ती घाबरली आहे. त्या वयाच्या बायकांना घाबरल्याचं दाखवता येत नाही, म्हणून त्या भांडी आपटतात किंवा गप्प बसतात.

राहिली लाज. तुमच्या आजीच्या घरी शेवटपर्यंत पाण्याचा बंब होता, असं तुम्हीच लिहिलंय. चार कागद आणि एक फोटो बंबात घालायला काय लागतं? आजोबा गेल्यावर ती वही कुणाच्या उपयोगाची नव्हती, उलट सापडली असती तर जाबच द्यावा लागला असता. तरीही तिने ती चव्वेचाळीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी जपली. लाज वाटणारी माणसं असं करत नाहीत.

ही भीती जुनी आहे, आता कुठे काय, असंही समजू नका. जून 2020मध्ये गलवाननंतर सोसायटीच्या ग्रुपवर चिनी टीव्ही फोडण्याचे व्हिडिओ फिरत होते, त्याच सुमारास आईने संध्याकाळी खाली बाकावर जाणं बंद केलं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तुम्ही ते करोनाच्या खात्यावर टाकलंत. असेलही करोनाच. विचारा कधीतरी. आत्ता नको.

आत्ता करायचं ते एवढंच: तो फोटो मुलीने स्वतःच्या हाताने काढावा. तुम्ही दटावून नव्हे. पोरगीचं चुकलं असंही मला म्हणायचं नाही. तुमच्या घरात 'माझे चिनी पणजोबा' हे शब्द अभिमानाने उच्चारणारी ती पहिलीच आहे, आणि त्याची मला मनापासून गंमत वाटली. पण फोटोतल्या माणसाची मुलगी त्याच घरात बसलेली असताना तिला विचारायचं राहून गेलं. मुलीने आजीपाशी जाऊन इतकंच म्हणावं, 'आजी, तुला न विचारता टाकला, काढला.' पुढे 'पण' लावू नये. 'आता काळ बदललाय' हे तर मुळीच म्हणू नये. काळ बदलला की नाही हे आजीला जास्त माहीत आहे.

आता चांगदेव आजोबा.

तुमच्या पत्रात 'चिनी' हा शब्द मी मोजला, एकवीस वेळा आला आहे. आजोबांना कुणी 'तुम्ही कुठले' म्हणून विचारलं असतं तर 'चीनचा' हे उत्तर त्यांनी फक्त पोलीस ठाण्यात दिलं असतं. आपल्या माणसाला आधी प्रांत सांगितला असता, मग तालुका, मग गाव. आपण 'मूळ गाव कुठलं?' विचारतो तसंच तिकडे 'लाओज्या' विचारतात. अर्थही तोच, जुनं घर. तुम्ही शोधताय चीन, आणि चीन केवढा आहे! त्या मापाच्या वस्तूत आजोबा सापडायचे नाहीत. गाव शोधा. गाव सापडत नसेल तर धंदा धरा.

धंद्यावरून बरंच कळतं. कलकत्त्याला उतरलेल्या चिनी लोकांत कामं गावावार वाटलेली होती. टांग्र्यातले चामड्याचे कारखाने हाक्का लोकांचे (हा दक्षिण चीनमधला एक समाज). सुतारकाम कँटनकडच्यांचं. दारोदार रेशीम विकणारे बरेचसे शांतुंगचे. आणि दातांची कामं करणारे मुख्यतः हुपे प्रांतातले. हुपे म्हणजे जिथे वूहान शहर आहे तो प्रांत. दंतवैद्यकाची पदवी वगैरे भाग नव्हता. बाप-चुलत्याकडून शिकलेला हात. मुंबईतही असे दवाखाने होते. माझ्या आत्याची कवळी 1974 साली भायखळ्याच्या एका चिनी डॉक्टरने केली होती. बाहेर पाटीवर ताटाएवढं गुलाबी तोंड रंगवलेलं, आणि डॉक्टर 'आ करा' एवढंच मराठी बोलायचे. पुढची पंचवीस वर्षं आत्या त्याच कवळीने चिवडा खात होती. ते तुमचे आजोबा असतीलच असं नाही, पण तुमचं पत्र वाचताना मला त्या पाटीचा रंग आठवला.

आता गंमत बघा. तुम्ही माझगावला गेलात ते देऊळ सी यप कून, 1919 सालचं. 'सी यप' म्हणजे चार तालुके. दक्षिणेला क्वांगतुंग प्रांतातले चार तालुके, तिथून आलेल्या लोकांनी बांधलेलं ते देऊळ, बोटींवर आणि गोदीत राबणाऱ्या माणसांचं. तुमचे आजोबा हुपेचे असतील तर त्या लोकांची बोली त्यांना कळतही नसणार. दापोलीच्या माणसाची मुळं शोधायला कुणी तंजावरला जावं आणि तिथल्या पुजाऱ्याने ओळख दाखवली नाही म्हणून हिरमुसून परत यावं, तसं झालंय तुमचं. परकं वाटलं ते तुम्ही कमी चिनी म्हणून वाटलं असं कशावरून? कदाचित आजोबांनाही तिथे परकंच वाटलं असतं.

तरी फेरी फुकट गेली म्हणू नका. वरच्या मजल्यावरचा देव क्वान कुंग. तो तिसऱ्या शतकात मारला गेलेला सेनापती, पुढे त्याचा देव झाला आणि सगळ्या चीनमध्ये पुजला जाऊ लागला. त्याचं शीर लोयांगला पुरलं आणि धड हुपे प्रांतातल्या तांगयांगला, असं तिकडे मानतात. दोन्ही ठिकाणी समाधी आहे, दोन्हीकडे रांगा लागतात. 'धड ना इकडची ना तिकडची' असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला हाच देव आठवला. आणि उदबत्तीचं म्हणाल, तर अनोळखी देवापुढेही हात जोडून उदबत्ती लावायची ही तुमच्या राजापूरच्या आजीची सवय. त्यात नाटक कुठे आलं?

हुपेबद्दल मी एवढी खात्रीने का बोलतेय, हे विचाराल. दातांमुळे, आणि तुमच्या पत्रातल्या एका वाक्यामुळे, ज्याकडे तुमचं स्वतःचं लक्ष नव्हतं. गौरीच्या आराशीबद्दल तुम्ही लिहिलंय की आईची कागदी शेवंती अख्ख्या सोसायटीत प्रसिद्ध आहे. क्रेप कागदाच्या पट्टीला दाते कापून एकेक पाकळी ती सुरीच्या पाठीवरून ओढून वळवते, मग तारेवर गुंडाळत जाते. कुठे शिकलीस विचारलं तर म्हणते, 'बाबांचा हात चांगला होता.'

हुपेकडून बाहेर पडलेल्या लोकांचे पोटाचे धंदे दोन. दात, आणि कागदाची फुलं. ती करून ते गावोगाव विकत.

हा पुरावा नाही. कागदी फुलं कुणीही करतं. पण आईला काही आठवत नाही, तिने काही ठेवलं नाही, असं जे तुम्ही तीनदा लिहिलंय ते मला पटत नाही. दर भाद्रपदात ती दिवाणखान्यात सगळ्यांसमोर बसून तेच करत आली आहे.

नावाकडे येऊ. 'चांग' हे बहुधा आडनाव, कारण तिकडे आडनाव आधी आणि नाव नंतर. शेजाऱ्यांनी पहिला शब्द उचलला आणि त्याला 'देव' जोडून आपल्या ओळखीचं करून टाकलं. आता मँडरिनमध्ये त्याचा उच्चार 'जांग'कडे झुकतो. वांग आणि ली यांच्याबरोबरीने ते चीनमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, म्हणजे नुसत्या 'चांग'वर शोध घेणं म्हणजे महाराष्ट्रात 'पाटील कुठे राहतात?' विचारण्यासारखं. शिवाय कानाला 'चांग' वाटणारी आडनावं लिपीत वेगवेगळी असतात. म्हणून तो दगडी शिक्का महत्त्वाचा. त्यावर कोरलेलं उलटं असतं. लाल शाईच्या पॅडवर हलकेच दाबून पांढऱ्या कागदावर ठसा घ्या आणि ठशाचा फोटो काढा. फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप छापील मजकूर बरा वाचतं, शिक्क्यावरची जुनी वळणं वाचताना हमखास बरळतं. माणूस शोधा. माझगावच्या देवळातली वडीलधारी मंडळी आहेत, शांतिनिकेतनात 1937 सालापासून चीना भवन आहे. तीन अक्षरं निघाली तर पहिलं आडनाव, आणि मधलं कित्येकदा पिढीचं अक्षर असतं; भावा-चुलतभावांच्या नावांत ते सारखं येतं. घराण्याच्या वंशावळीच्या वहीत पिढी शोधायला त्याचा उपयोग होतो.

फोटोची मागची बाजू पाहिलीत का? स्टुडिओचा शिक्का, एखादी पेन्सिलची नोंद असू शकते. आणि कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका. इतर वाचकांनाही सांगते, घरचे जुने कागद प्लॅस्टिकमध्ये भाजून काढायची आपल्याकडे साथ आली आहे. कागद गेलाच समजा. आम्लविरहित पाकीट मिळालं तर उत्तम, नाहीतर साधं सुती फडकं चालेल.

आजोबांचं दहन झालं की दफन, हे आई सांगत नाही म्हणता. मुंबईत अँटॉप हिलला चिनी दफनभूमी आहे. थडगं असेल तर तो दगड म्हणजे अख्खं पत्र असतं. मध्ये नाव, सहसा बाजूला मूळ तालुका आणि गाव, दुसऱ्या बाजूला मृत्यूची तारीख. सालं पाहून गोंधळू नका. जुन्या दगडांवर कित्येकदा प्रजासत्ताकाच्या सनापासून मोजलेली असतात, 1912 म्हणजे वर्ष पहिलं. अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा तेल लावू नका, सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढा. एप्रिलच्या 4-5 तारखेला छिंगमिंग असतं, तेव्हा थडगी झाडतात, फुलं-फळं ठेवतात. त्या दिवसांत गेलात तर तिथे चार माणसं भेटण्याचा संभव जास्त. पण ही फेरी आईला सांगून. जमलं तर आईबरोबर.

आणि आता ते पत्र. लिपी वाचणारा माणूस मिळाला तरी ते पत्र त्याच्या हातात देण्याआधी एक दिवस थांबा. विशी-पंचविशीत देश सोडून आलेल्या त्या काळच्या पुष्कळ पुरुषांची गावाकडे लग्नं झालेली असत, मुलंही असत. इकडे संसार मांडला तरी तिकडे पैसे आणि पत्रं जात-येत. तुमच्या आजोबांचं तसं होतं असं मला म्हणायचं नाही. असू शकतं. आजीला ते ठाऊक असेल, आईलाही असेल. ते पत्र उघडणं म्हणजे काय होऊ शकतं याचा अंदाज कदाचित तुमच्यापेक्षा आईला जास्त आहे. तिची परवानगी घ्या म्हणते ती शिष्टाचार म्हणून नव्हे.

चीनला जाण्याचा बेत गावाचं नाव हाती येईपर्यंत बाजूला ठेवा. गावाचं नाव मिळालं तर तिकडे घराण्याच्या वंशावळीच्या वह्या असतात. आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्या लिहिलेल्या असतात, त्यातलाच प्रकार. सांस्कृतिक क्रांतीत त्यांतल्या पुष्कळ जाळल्या गेल्या, काही भिंतीत आणि माळ्यावर लपवून वाचल्या. पण मनाची तयारी करून जा: त्या वह्या पुरुषांच्या असतात. लेकी तिथे जेमतेम असतात, लेकींची लेकरं तर नसतातच. मँडरिनच्या वर्गात लवकरच नात्यांचा धडा येईल. आईच्या वडिलांना तिकडे 'वायकुंग' म्हणतात, आणि त्यातल्या 'वाय'चा अर्थ बाहेरचे. म्हणजे तुम्ही ज्यांना मूळ समजून शोधताय ते त्या हिशेबाने बाहेरचे आजोबा, आणि तुम्ही बाहेरची नात. नाक मुरडण्याआधी आपल्या कुलवृत्तांतात तुमच्या आजीची नोंद काढून पाहा. एका ओळीत 'विवाहित' एवढं असेल, किंवा तेही नसेल.

वर्ग मात्र सोडू नका. त्याच धड्यात काका वेगळा, मामा वेगळा, वडिलांचा थोरला भाऊ वेगळा आणि धाकटा वेगळा असं सगळं येतं. 'अंकल' या एका शब्दाने आपली जी पंचाईत होते तीच त्यांची होते, हे पाहून बरं वाटतं. आजोबा हुपेचे असतील तर त्यांची बोली मँडरिनच्याच कुळातली, कानाला थोडीफार ओळख लागेल. चार तालुक्यांतले निघाले तर त्यांच्या बोलीपुढे तुमचं मँडरिन म्हणजे मालवणात जाऊन शुद्ध हिंदी बोलणं. दोन्ही बाबतींत शिकण्यात मजा आहे. फक्त ती स्वतःची परीक्षा समजू नका.

मामेभावाची डीएनए तपासणी काय सांगेल? पूर्व आशियातला पाव वाटा, फार तर उत्तर की दक्षिण. ते तुम्हाला आरशात दिसतंच आहे. गाव ती सांगणार नाही. आणि तिकडे कुणी सावत्र भावंडं असली आणि त्यांच्यातल्या कुणी तपासणी केलेली असली, तर ती गोष्ट आईच्या कानावर मामेभावाच्या ईमेलने येईल. तसं व्हायला नको.

तुमच्या यजमानांसाठी दोन ओळी. भीती कागदपत्रांची असेल तर ती सोडा. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक, आईवडील कुठलेही असोत. आई 1954ची, तुम्ही 1981च्या. दाखल्यावरच्या चांगदेवाने त्यात काही फरक पडत नाही, आणि तो बदलायच्या फंदात पडण्याची गरजही नाही. भीती लोक काय म्हणतील याची असेल तर त्यांनी ती त्यांच्या सासूबाईंशी बोलावी. त्यांना त्या विषयाचा अनुभव आहे.

ते काका, जे दर लग्नकार्यात तुम्हाला 'डॉक्टर कोटणिसांच्या घरातली का?' म्हणून हसतात, त्यांना हसू द्या. पण फरक लक्षात ठेवा. सोलापूरचे कोटणीस 1938 साली वैद्यकीय मिशनबरोबर चीनला गेले, तिथल्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. डिसेंबर 1942मध्ये ते गेले तेव्हा मूल काही महिन्यांचं होतं. ती गोष्ट दोन्ही देशांना सांगायला आवडते, दोन्हीकडे स्मारकं आहेत. तुमच्या आजी-आजोबांची गोष्ट कुणालाच नको होती. तिकडून इकडे आलेला माणूस, कसलं मिशन नाही, खुर्ची, पक्कड आणि कापसाचे बोळे. आणि तरी ही काही एकुलती एक गोष्ट नव्हे. महाबळेश्वरला चायनामन धबधबा आहे, पर्यटक भजी खाऊन परत येतात. इंग्रजांनी 1830च्या दशकात तिथे तुरुंग बांधून चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. त्यांनी रस्ते केले, बटाटे आणि भाज्या पिकवल्या, धबधब्याला नाव त्यांच्या मळ्यांवरून पडलं. त्यांतले काही सुटल्यावर तिथेच राहिले असं म्हणतात. त्यांच्या नातवंडांची आडनावं आता काय असतील देव जाणे.

मी कोण, या तुमच्या प्रश्नाला मी बगल देतेय असं वाटेल. देतेय खरी. 'मी पाव चिनी' हे म्हणून झालं की करायला काही उरत नाही. आजोबा चहात साखर किती घ्यायचे, दवाखान्यातून आल्यावर हात कसे धुवायचे, रागावले की कुठल्या भाषेत पुटपुटायचे, आजीने त्यांना सोलकढी प्यायला कशी लावली, हे कळलं की माणूस उभा राहतो. आणि हे सगळं चीनमध्ये नाही, तुमच्या शेजारच्या खोलीत आहे. मात्र आईसमोर रेकॉर्डर ठेवून 'सांग ना बाबांबद्दल' असं बसू नका. पोलिसांनीही तेच केलं होतं. दुसऱ्या कामात हात गुंतलेले असताना लहान प्रश्न विचारा, एका वेळी एक. उत्तर नाही आलं तर विषय सोडा. खऱ्या चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला होता, त्याचंही पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं. तुमच्याकडे तर घाई करणारं कुणी नाही, मुलगी सोडून.

डबा सध्या कुठे आहे, तुमच्या कपाटात ना? तो लाल कापडासकट जसा होता तसा बांधा आणि आईला परत द्या. 'आजीचा होता, आता तुझा' इतकं म्हणून. वहीतला एखादा कागद काढून ठेवण्याचा मोह होईल, काढू नका. ती उघडेल, नाही उघडणार, कदाचित उशाशी ठेवून देईल.

गौरी यायच्या आधी दोन आठवडे दादरहून क्रेप कागद आणि तार आणा. तार पातळ हवी, जाड तारेवर पाकळ्या सरकतात. मुलीलाही बसवा. आईने पहिलं फूल केलं की रंगाचं विचारा, की बाबा शेवंतीला पिवळा घ्यायचे की दुसरा कुठला.